नकाशा आणि तक्ता : झाशी जंक्शनच्या निमित्ताने

मराठी माणसाला झाशी ठाऊक असते ती राणी लक्ष्मीबाईंमुळे. डिसेंबर 2021 मध्ये तेथील रेल्वे स्थानकालाही 'वीरांगना लक्ष्मीबाई' हे नाव जोडले गेले. रेल्वेच्या इतिहासात मात्र या गावाची ओळख निराळी आहे. दिल्लीकडून ग्वाल्हेरमार्गे येणारा, मुंबई व चेन्नईच्या दिशेने बीनाकडे जाणारा, कानपूरचा आणि माणिकपूरचा असे चार दिशांचे लोहमार्ग येथे एकत्र येतात. अशा जंक्शनवर दिवसभर एका प्रश्नाचे उत्तर पुनःपुन्हा द्यावे लागते : येणाऱ्या या गाडीला आत घ्यायचे, तर कोणता सांधा कोणत्या बाजूला असावा, कोणता रूळ मोकळा असावा आणि कोणते सिग्नल लालच राहावेत?

या प्रश्नाचे उत्तर रेल्वेने दीर्घकाळ दोन रूपांत लिहून ठेवले आहे. एक रूप नकाशाचे, दुसरे तक्त्याचे. संगणकशास्त्रात आज ज्याला 'रिक्वायरमेंट डॉक्युमेंट' म्हणतात, म्हणजे एखाद्या प्रणालीने नेमके काय करावे आणि काय कदापि करू नये हे सांगणारा दस्तऐवज, त्याचा हा रेल्वेतील पूर्वज. त्या दस्तऐवजात चित्र किती असावे, मजकूर किती असावा आणि दोहोंचा मेळ कोणी व कसा राखावा, हा वाद संगणक अभियंते गेली चार-पाच दशके घालीत आहेत. रेल्वेच्या सिग्नल विभागाने तो प्रश्न संगणक येण्यापूर्वीच अनुभवला होता. त्याची किंमतही मोजली होती.

झाशीला रूळ पोहोचले ते 'इंडियन मिडलंड रेल्वे' या कंपनीमुळे. 1885 साली स्थापन झालेल्या या कंपनीचे मार्ग 1888–89 च्या सुमारास झाशीत येऊन मिळाले. 1900 साली ही कंपनी 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'च्या कारभारात गेली. पुढे 1951 साली मध्य रेल्वे अस्तित्वात आली, तेव्हा झाशी तिच्या वाट्याला आली. 2003 मध्ये उत्तर-मध्य रेल्वेची रचना होईपर्यंत, म्हणजे सुमारे शंभर वर्षे, झाशीचा रेल्वेकारभार मुंबईच्या मुख्यालयाशी जोडलेला होता. बुंदेलखंडातील या यार्डाचा संबंध बोरीबंदरच्या दगडी इमारतीशी होता, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

झाशीत रूळ येत होते त्याच काळात सांधा आणि सिग्नल यांना एकमेकांशी बांधण्याची कल्पना जगभर रुजत होती. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी याने 1856 साली या कल्पनेचे पेटंट घेतले होते. सांधा योग्य जागी नसेल तर सिग्नलची तरफ हलूच नये, आणि एकदा सिग्नल दिला की सांधा फिरवता येऊ नये, असे हे यांत्रिक बंधन. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. जून 1889 मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे मोठा अपघात झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग सक्तीचे केले. तोवर गाडीची सुरक्षितता केबिनमधल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर आणि दक्षतेवर अवलंबून होती. आता ती एका यंत्रावर आली. यंत्र घडवायचे म्हणजे त्याने काय करावे हे आधी नि:संदिग्ध शब्दांत लिहिणे आले. नकाशा आणि तक्ता यांची जोडी या गरजेतून आकाराला आली.

नकाशाला रेल्वेच्या भाषेत 'सिग्नल इंटरलॉकिंग प्लॅन' म्हणतात. त्यावर यार्डातील प्रत्येक रूळ रेषेने दाखवलेला असतो. सांधे, सिग्नल, फाटके आणि गाडीची उपस्थिती ओळखणारे रुळांचे तुकडे क्रमांकांसह मांडलेले असतात. तक्त्यात प्रत्येक मार्गासाठी एक ओळ असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सिग्नल क्रमांक 3 वरून गाडी फलाट क्रमांक 2 वर घ्यायची आहे. तक्त्यातील ओळ सांगते की सांधा 11 सरळ हवा, सांधा 14 वळवलेला हवा, अमुक चार तुकडे मोकळे हवेत, फाटक बंद व कुलूपबंद हवे, समोरून येणारा सिग्नल 8 लाल व जखडलेला हवा. या सर्व अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच सिग्नल 3 उतरेल.

एकाच यार्डाची ही दोन वर्णने दिसायला भिन्न आहेत, आणि त्यांची शक्तीही भिन्न आहे. कोणता रूळ कोणाला छेदतो, कोणता सांधा चुकीकडे राहिल्यास गाडी कोठे भरकटेल, हे नकाशात एका दृष्टिक्षेपात दिसते. तक्त्याच्या शंभर ओळी वाचूनही ते तितक्या सहज उमगत नाही. पण नकाशाला 'जर', 'तोपर्यंत' आणि 'वगळता' हे शब्द उच्चारता येत नाहीत. सिग्नल दिल्यानंतर तो मागे घेतला, तर मार्ग लगेच सुटू नये. जवळ आलेली गाडी थांबू न शकण्याची शक्यता गृहीत धरून ठरावीक काळ, भारतीय रेल्वेत साधारणतः 120 सेकंद, मार्ग जखडलेलाच राहावा. ही अट रेषांनी काढता येत नाही, ती लिहावीच लागते. उलट तक्त्यात एखादी ओळ राहून गेली, तर तक्ता वाचून ती उणीव कळत नाही. जे लिहिलेलेच नाही ते वाचकाला कोठून दिसावे? ती उणीव नकाशावर बोट फिरवताना सापडते. म्हणून तक्ता तयार करणारा एक, तपासणारा दुसरा, आणि दोघांच्याही पुढ्यात नकाशा पसरलेला, अशी शिस्त पडली.

यांत्रिक युगात या जोडीला तिसरा कागद जोडला जाई. तक्त्यातील अटी लोखंडात उतरवण्यासाठी तरफांच्या खाली आडव्या-उभ्या पट्ट्या आणि त्यांच्या खाचांत अडकणारे लोखंडी तुकडे बसवीत. या तुकड्यांना 'डॉग' म्हणत, आणि त्यांची मांडणी दाखवणाऱ्या चित्राला 'डॉग चार्ट'. म्हणजे क्रम असा झाला : आधी चित्र, मग मजकूर, मग पुन्हा चित्र आणि शेवटी लोखंड. लोखंडाचा एक लाभ होता. तक्ता आणि यंत्र यांत विसंगती असेल, तर तरफ ओढणाऱ्याच्या हाताला ती जाणवे. नको ती तरफ हलली किंवा हवी ती अडली, की चूक तेथेच उघड होई.

पुढे लोखंडाची जागा विजेच्या रिलेंनी घेतली. रिले म्हणजे विद्युतप्रवाहाने उघडमीट होणारा स्विच. डॉग चार्टच्या जागी विद्युतमंडलांची रेखाचित्रे आली. याच काळात चित्र आणि मजकूर यांच्या नात्याला पहिल्यांदा गणिताचा आधार मिळाला. 1937 साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये क्लॉड शॅनन या तरुण विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवून दिले की रिलेंच्या मंडलाचे चित्र आणि बूलच्या बीजगणितातील समीकरण ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत. एकसर जोडलेले दोन स्विच म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले दोन स्विच म्हणजे 'किंवा'. चित्र पाहून समीकरण लिहिता येते आणि समीकरणावरून चित्र काढता येते. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगमध्ये संगणकाच्या स्मृतीत बसवलेले तर्कनियम हे शॅननच्या याच समीकरणांचे वंशज आहेत. ब्रिटनमध्ये 1985 साली लेमिंग्टन स्पा येथे संगणकावर चालणारे इंटरलॉकिंग सुरू झाले. त्यानंतरच्या दशकांत भारतातही रिलेंच्या खोल्यांची जागा हळूहळू संगणकांची कपाटे घेऊ लागली. क्रमातील शेवटची पायरी, लोखंड, आता अदृश्य झाली. प्रणालीत चूक असली तरी हाताला काहीच जाणवत नाही. त्यामुळे कागदावरील दस्तऐवजावर पूर्वी कधी नव्हता एवढा भार आला.

रेल्वेबाहेरच्या संगणक अभियंत्यांना हा भार याच सुमारास कळू लागला होता. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड पार्नास, कॅथरिन हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये ए-7 या लढाऊ विमानाच्या प्रणालीसाठी एक दस्तऐवज तयार केला. त्यात लांबलचक परिच्छेदांऐवजी तक्ते होते : कोणत्या स्थितीत, कोणती घटना घडल्यास, काय व्हावे. रेल्वेच्या सिग्नल अभियंत्याने तो पाहिला असता, तर त्याला आपल्याच घरची वस्तू वाटली असती.

1983 साली इस्रायलमध्ये डेव्हिड हारेल हे गणितज्ञ लावी या लढाऊ विमानाच्या अभियंत्यांना मदत करण्यासाठी गेले. विमानातील यंत्रणांचे वर्णन जाडजूड दस्तऐवजांत विखुरलेले होते. एकाच कृतीचा परिणाम काय, याची वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळी उत्तरे मिळत. कोणतेही एक वाक्य सुटे वाचले, तर ते चुकीचे वाटत नसे. विसंगती वाक्यांच्या परस्परसंबंधांत दडलेली होती. हारेल यांनी यंत्रणेच्या अवस्था चौकटींनी आणि संक्रमणे बाणांनी दाखवणारी 'स्टेटचार्ट' ही चित्रभाषा तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यातील प्रत्येक रेषेला ठरलेला अर्थ होता. शोभेची किंवा 'साधारण कल्पना यावी' म्हणून काढलेली रेष तिच्यात नव्हती. 1987 मध्ये तिच्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 1997 साली मान्यता पावलेल्या यूएमएल या सर्वसाधारण चित्रभाषेतही स्टेटचार्टची कल्पना समाविष्ट झाली.

या प्रवाहाचा एक धागा पुण्यातून जातो. 1981 साली फकिरचंद कोहली यांच्या पुढाकाराने तेथे टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर स्थापन झाले. संगणकप्रणालीचा आराखडा आधी प्रतिमानाच्या स्वरूपात मांडायचा आणि त्यावरून साधनांच्या साहाय्याने आज्ञावली निर्माण करायची, या पद्धतीवर तेथे दीर्घकाळ काम झाले. 'मास्टरक्राफ्ट' हा साधनसंच या विचारातून घडला. व्यवसायासाठी लागणाऱ्या मोठ्या प्रणालींमध्ये चित्राला केवळ स्पष्टीकरणाचे स्थान न देता उत्पादनाच्या प्रक्रियेत आणण्याचा हा भारतीय प्रयत्न होता.

एवढा इतिहास पाहिल्यावर असे वाटू शकते की चित्रभाषा पुरेशी काटेकोर झाली की प्रश्न मिटला. अपघातांच्या नोंदी मात्र वेगळे सांगतात.

12 डिसेंबर 1988 रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ झालेल्या अपघातात 35 जण मृत्युमुखी पडले. नवी सिग्नल यंत्रणा बसवताना एक जुनी तार पूर्णपणे काढून टाकली गेली नव्हती. तिचे मोकळे टोक पूर्वीच्या जागी पुन्हा टेकले आणि लाल व्हायला हवा तो सिग्नल लाल झाला नाही. रेखाचित्राप्रमाणे ती तार तेथे असायलाच नको होती. काम झाल्यावर दुसऱ्या माणसाने तारा स्वतंत्रपणे मोजून रेखाचित्राशी ताडून पाहायला हव्या होत्या. ते झाले नव्हते.

2 जून 2023 च्या संध्याकाळी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र लूप मार्गाकडे वळलेला होता आणि तेथे मालगाडी उभी होती. 290 हून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीतून पुढे आले की फाटकाजवळच्या सिग्नल मंडलात पूर्वी आणि त्या दिवशी केलेल्या बदलांत त्रुटी होत्या. तारांवरील नावे चुकीची होती आणि ही चूक अनेक वर्षे कोणाच्या ध्यानात आली नव्हती. त्याआधी सुमारे वर्षभर, मे 2022 मध्ये, खड़गपूर विभागातील बांक्रा नयाबाज स्थानकात चुकीच्या तारजोडणीमुळे तशीच विसंगती उद्भवली होती. त्या वेळी योग्य उपाय केले असते, तर बहानगाचा अपघात टळला असता, असे अहवालात नमूद आहे. अहवालाच्या शिफारशींत एक शिफारस अशी की सिग्नल मंडलांची पूर्णत्वाची रेखाचित्रे, इतर कागदपत्रे आणि प्रत्यक्ष जागेवरील तारांची नावे अद्ययावत करण्याची मोहीम हाती घ्यावी.

या शिफारशीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बहानगा येथे इंटरलॉकिंगचे तर्कनियम आपल्याला मिळालेल्या माहितीनुसार चालले. त्यांना मिळालेली माहितीच खोटी होती. चित्र, तारेवर लिहिलेले नाव आणि स्वतः तार हे एकाच सत्याचे तीन साक्षीदार असायला हवे होते. काळाच्या ओघात ते एकमेकांपासून दूर गेले आणि त्यांची साक्ष समोरासमोर कोणी घेतली नाही.

चित्र आणि मजकूर एकत्र आणण्याच्या आजच्या प्रयत्नांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. नकाशाची माहिती संगणकाला दिली की संपूर्ण तक्ता आपोआप तयार करून देणारी साधने आता उपलब्ध आहेत. त्यांचा लाभ उघड आहे. मोठ्या जंक्शनवर मार्गांची संख्या शेकड्यांत जाते. हाताने तक्ता लिहिताना होणारे हस्तदोष टळतात आणि नकाशा व तक्ता यांत विसंगती उरत नाही. पण येथे एक सूक्ष्म धोका आहे. पूर्वी तक्ता लिहिणारा अभियंता नकाशा वाचत असे, प्रत्येक मार्ग मनाने चालून पाहत असे आणि नकाशात चूक असेल तर बहुधा या टप्प्यावर ती त्याला खटके. तक्ता नकाशातूनच यंत्राने काढला, तर नकाशातील चूक तक्त्यात जशीच्या तशी उतरते. दोन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळतात, आणि दोन्ही चुकीचे असतात. एका साक्षीदाराने दुसऱ्याचीच जबानी पाठ करून म्हटली, तर न्यायालय त्या दोघांना दोन साक्षीदार मानत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. युरोपातील रेल्वे व्यवस्थापनांनी 2014 पासून 'युलिंक्स' नावाच्या उपक्रमात सिग्नल यंत्रणांच्या परस्परजोडणीचे मानक दस्तऐवज तयार केले. त्यांत अवस्थाचित्रे आणि क्रमांकित वाक्ये शेजारी-शेजारी येतात. कोणता भाग बंधनकारक आणि कोणता केवळ माहितीसाठी, हेही वेगळे दाखवलेले असते. ही खूण क्षुल्लक वाटते, पण चित्र एक सांगते आणि वाक्य दुसरे, अशा वेळी कोणाचे ऐकायचे हा वाद ती आधीच निकाली काढते. दुसरा मार्ग गणितीय पडताळणीचा आहे. 'एका वेळी परस्परविरोधी दोन मार्ग कधीही दिले जाऊ नयेत' यासारखी मूलभूत तत्त्वे नकाशा व तक्ता यांहून स्वतंत्रपणे लिहायची आणि तयार झालेली प्रणाली त्यांच्यावर पारखून घ्यायची. पॅरिस मेट्रोच्या 1998 मध्ये सुरू झालेल्या चालकविरहित 14 क्रमांकाच्या मार्गासाठी 'बी-पद्धत' या गणितीय पद्धतीने सुरक्षाप्रणालीची आज्ञावली सिद्ध करण्यात आली होती. या स्वतंत्र तत्त्वांमुळे हरवलेला दुसरा साक्षीदार नव्या रूपात परत मिळतो.

तरीही गणिताची धाव दस्तऐवजापर्यंतच आहे. तार कोठे जोडली आहे हे समीकरणाला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक नव्या किंवा बदललेल्या यार्डात, सर्व कागद जुळल्यावरही, 'करस्पॉन्डन्स टेस्ट' करावी लागते. एक माणूस रुळावर सांध्याजवळ उभा राहतो, दुसरा पॅनेलसमोर बसतो. सांधा प्रत्यक्ष ज्या बाजूला आहे, तीच बाजू पॅनेलवर दिसते का, हे ते बोलून ताडून पाहतात. ही चाचणी वेळखाऊ आहे आणि तिच्यासाठी गाड्यांची वाहतूक अडवावी लागते. वेळापत्रकाच्या दडपणाखाली ती आटोपती घ्यावी असे वाटण्याचा क्षणच सर्वांत धोक्याचा.

झाशीच्या दोन्ही बाजूंना, मथुरेकडे आणि बीनाकडे, तिसऱ्या लोहमार्गाचे काम हाती घेतले गेले आहे. तिसरा मार्ग म्हणजे वाटेतील प्रत्येक स्थानकाच्या यार्डात नवे सांधे आणि नवे सिग्नल. नकाशात नव्या रेषा, तक्त्यात नव्या ओळी आणि जुन्या ओळींत दुरुस्त्या. 2003 मध्ये हा विभाग मुंबईकडून नव्या क्षेत्रीय रेल्वेकडे गेला, तेव्हा रुळांबरोबर या कागदांची जबाबदारीही नव्या हातांत गेली. बदल कार्यालयांत होवोत की यार्डांत, प्रत्येक वेळी नकाशा, तक्ता, आज्ञावली आणि तार या चौघांना एकाच दिवशी एकच गोष्ट बोलावी लागते. चौघांपैकी एक जरी कालच्या यार्डाविषयी बोलत राहिला, तरी त्याची चूक लगेच दिसत नाही. बांक्रा नयाबाज आणि बहानगा बाजार यांच्यामध्ये सुमारे एक वर्ष होते.

संगणकप्रणालींचे दस्तऐवज आज रुग्णालयांसाठी, बँकांसाठी आणि वीजवहनासाठीही लिहिले जातात. त्यांतील चित्रे बहुधा प्रकल्पाच्या आरंभी एकदा काढली जातात आणि मग विसरली जातात. मजकूर मात्र बदलत राहतो. रेल्वेच्या सिग्नल विभागाकडून या क्षेत्राने घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. चित्र आणि मजकूर दोन्ही ठेवावेत, त्यांतील बंधनकारक कोणते ते सांगावे, बदल एकात झाला की दुसऱ्यात झाल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये, आणि दोघांची तपासणी ते न लिहिणाऱ्या माणसाकडून करून घ्यावी. सांध्याजवळ उभा राहून पॅनेलवरच्या सहकाऱ्याला 'सरळ' किंवा 'वळवलेला' असे मोठ्याने सांगणारा रेल्वे कर्मचारी आजही तेच करीत असतो.